भरिताच्या वांग्याला काटे कुठून आले?

प्रश्न : भरिताच्या वांग्याचं बी आम्ही घरचंच धरतो. यंदा 300 रोपांपैकी पंधरा-वीस झाडांच्या पानांवर काटे निघाले. फळं लिंबाएवढी, घोसाने लागलेली आणि कडू. बी तर चांगल्या मोठ्या फळाचं होतं. – एक वाचक, ता. यावल

उत्तर : नुसत्या कडूपणावर जाऊ नका, पाण्याचा ताण पडला किंवा फळ जून झालं तरी वांगं कडू लागतं, पण मग सगळा वाफाच कडू निघतो. ठरावीक झाडंच कडू, त्यात पानाच्या शिरेवर काटे आणि घोसाने फळ, म्हणजे रानवांग्याचा संकर. बांध, नाला, उकिरडा शोधा, तिथे ते सापडेल.

संकर गेल्या वर्षीच झाला. फळाचा गर आणि साल आईची, म्हणून तेव्हा फळ जातिवंतच दिसलं; परका बाप फक्त बियांत होता.

वांगं बहुतेक स्वतःच्याच परागावर फळतं. मात्र त्याच्या परागकोशांना टोकाशी बारीक छिद्रं असतात, हलवल्याशिवाय पराग सांडत नाही. काळा भुंगा फुलाला लोंबकळून गुणगुणतो, त्या थरथरीने पराग त्याच्या पोटाला लागतो आणि पुढच्या फुलावर जातो. (मधमाशीला हे जमत नाही, तेव्हा तिला दोष नको.) गंमत अशी, की चांगलं फळ धरणाऱ्या फुलाचीच कुक्षी (पराग झेलणारं टोक) परागकोशांच्या बाहेर डोकावते, आणि परका पराग आधी तिलाच लागतो.

काटेरी झाडं आजच उपटा, त्यांचा परागही बाकीच्या झाडांवर जातो. या वाफ्यातलं बी धरू नका. काटे नसलेल्या झाडांवरही त्यांचा पराग आला असेल, तो आज दिसणार नाही. जुनं राखलेलं बी असेल तर त्यावरून सुरुवात करा.

पुढच्या हंगामात 10-12 उत्तम झाडं निवडा. संध्याकाळी जांभळी झालेली, फुगलेली पण न उमललेली कळी घ्या आणि तिच्यावर बटर पेपरची किंवा मलमलीची पिशवी बांधा. पिशवीत भुंगा शिरत नाही, म्हणून फळधारणा घटते. यासाठी फूल उमलल्यावर सकाळी पिशवीवरूनच देठाला दोन-चार टिचक्या मारा. पाकळ्या सुकल्या की पिशवी काढा आणि देठाला रंगीत दोरा बांधा, नाहीतर तोडणीत हेच फळ बाजारात जातं! साल पिवळी पडेपर्यंत फळ झाडावरच ठेवा. बी पाण्यात चोळून तळाशी बसेल तेवढंच घ्या, सावलीत वाळवा.

पिशव्या जमत नसतील तर बियाण्याचा वाफा रानवांग्यापासून आणि दुसऱ्या वाणापासून 200 मीटर लांब ठेवा. पायाभूत बियाण्याला (ज्यापासून पुढे प्रमाणित बी तयार करतात) हेच अंतर लागतं. रोप चार-सहा पानांचं झालं की शिरा बोटाने चाचपा. काटा लागला की रोप फेका.

प्रश्न : भुईरिंगणीशी (जमिनीवर पसरणारं वांग्याच्या कुळातलं काटेरी तण) असा संकर होतो का? आणि देशी कपाशीचा अमेरिकन कपाशीशी?

उत्तर : भुईरिंगणी शेजारी असली तरी काळजी नको, तिचा वांग्याशी आपोआप संकर होत नाही. कपाशीत देशीची गुणसूत्रं 26, अमेरिकनची 52. चुकून संकर झालाच तर झाडात 39 येतात आणि ते वांझ राहतं. देशीला धोका दुसऱ्या देशीचाच.