शेणकिडे जपा

दादा, महूकडच्या कुरणावर गाई सोडताय ना? मग पहिल्या पावसानंतर शेणाचा एखादा पो काडीने उलटून बघा. खाली बोट जाईल एवढी भोकं, कडेला उकरलेली ताजी काळी माती दिसली की समजा, शेणकिडे कामाला लागलेत. ते शेण बिळात नेऊन त्यात अंडी घालतात. त्यामुळे पाणी मुरतं, नत्र मुळांपाशी पोचतं, माश्यांना शेण उरत नाही. ऑस्ट्रेलियाने १९६० च्या दशकापासून असे किडे बाहेरून आणून सोडले. आपल्याकडे ते आयते आहेत!

आयव्हरमेक्टिन हे जंतांचं औषध मात्र डॉक्टरांना विचारूनच द्या. ते शेणात उतरतं, शेणकिड्यांच्या अळ्या मरतात. दिलंच तर त्या गाई दोनेक आठवडे तरी गोठ्यातच बांधा.