परवानगी मिळाल्यानंतर पाहणार कोण?

गेल्या अंकातील जनुक परिवर्तित, म्हणजे प्रयोगशाळेत जनुक बदललेल्या ‘जीएम’ पिकांवरील टिपण वाचून ठाणे आणि नवी मुंबईतील बऱ्याच वाचकांनी पत्रे पाठवली. त्यांतील काही निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली असून वाचकांची नावे न देता केवळ त्यांचे गाव दिले आहे.

प्रश्न : वाशीच्या बाजारातून येणारी बिनबियांची कलिंगडे, लाल गराची लांबट पपई, आठ-आठ दिवस न नासणारे टोमॅटो, एवढेच नव्हे तर फोडणीची मोहरीसुद्धा ‘जीएम’ आहे, असे आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर सांगितले जाते. हे खरे आहे का? (एक गृहिणी, नेरूळ)

नाही. भारतात आजमितीला व्यावसायिक लागवडीची परवानगी असलेले जीएम पीक एकच आहे आणि ते म्हणजे कापूस. बिनबियांचे कलिंगड हे संकराचे फळ आहे. गुणसूत्रांचे चार संच असलेल्या आणि दोन संच असलेल्या वाणांचा संकर केला की तीन संचांचे रोप मिळते आणि त्याच्या फळात बी धरत नाही. ‘रेड लेडी’ ही पपई तैवानचे संकरित वाण आहे. विषाणूला दाद न देणारी खरीखुरी जीएम पपई १९९८ पासून हवाई बेटांवर पिकते, परंतु तिचा आपल्या बाजाराशी संबंध नाही. टोमॅटो जाड सालीच्या संकरित वाणांचे असतात, म्हणून टिकतात. मोहरीच्या एका जीएम वाणावरून न्यायालयात वाद चालू आहे, तथापि ते वाण शेतकऱ्याच्या शेतात पोहोचलेले नाही, त्यामुळे आपल्या मिसळणाच्या डब्यातील मोहरीबद्दल शंका नसावी. परदेशी फळांबाबत सांगायचे तर, अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने १ मार्च २०२१ पासून सफरचंद, पपई, मका, बटाटा, सोयाबीन अशा २४ खाद्यपिकांच्या आयात मालासोबत ‘जीएम नाही’ असे प्रमाणपत्र सक्तीचे केले असून नकळत झालेली भेसळ एक टक्क्यापर्यंतच मान्य केली आहे.

प्रश्न : म्हणजे आपल्या ताटात जीएम काहीच नाही, असे समजून निश्चिंत राहावे का? (एक वाचक, ऐरोली)

तसे म्हणता येणार नाही, आणि या प्रश्नाचे उत्तर सरकारी पातळीवरही पुरेशा स्पष्टपणे दिले जात नाही, याची मला खंत वाटते. कापूस हे केवळ धाग्याचे पीक नाही. जिनिंगमध्ये रुई वेगळी झाली की सरकी उरते, तिचे तेल निघते आणि ढेप दुभत्या जनावरांपुढे जाते. देशातील कापसाचे बहुतांश क्षेत्र बीटी, म्हणजे अळीला मारक असे जिवाणूचे जनुक घातलेल्या, वाणांखाली असल्याने सरकीचे तेल गेली वीसहून अधिक वर्षे आपल्या खाण्यात आहे. दुसरी वाट आयात तेलाची. अर्जेंटिना आणि ब्राझीलमधून येणारे सोयाबीन तेल प्रामुख्याने जीएम सोयाबीनचे असते आणि अशा तेलाच्या आयातीला २००७ मध्येच परवानगी मिळाली होती. शुद्धीकरणानंतर तेलात प्रथिने आणि डीएनए जवळजवळ उरत नाहीत, त्यामुळे या तेलाने अपाय होतो असे मी म्हणणार नाही. परंतु अपाय नसणे ही एक गोष्ट आहे आणि ग्राहकाला माहिती मिळणे ही वेगळी गोष्ट आहे.

आपल्या दारातले एक उदाहरण देतो. ऑगस्ट २०२१ मध्ये कोंबडीखाद्याचे भाव भडकल्यावर केंद्र सरकारने १२ लाख टन जीएम सोयापेंड आयात करण्यास मुभा दिली आणि ज्या मोजक्या ठिकाणांहून ती आत येणार होती, त्यांत न्हावा शेवा बंदर होते. उरणच्या रस्त्यावर कंटेनरच्या रांगेत अडकलेल्या कितीजणांना हे ठाऊक होते? जीएम घटक असलेल्या बंद पाकिटातील अन्नावर ‘जीएम’ ही अक्षरे छापावीत, असा वजनमापे कायद्याखालील नियम १ जानेवारी २०१३ पासून लागू झाला, तथापि सरकीच्या किंवा सोयाबीनच्या तेलाच्या एकाही पिशवीवर ती अक्षरे मी आजवर पाहिलेली नाहीत. अन्न प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२१ मध्ये एक टक्का किंवा त्याहून अधिक जीएम घटक असल्यास लेबल सक्तीचे करणारा मसुदा प्रसिद्ध केला होता. तो दडपणाशिवाय आणि लवकर अंतिम व्हावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : परवानगी नक्की देते कोण? बीटी वांग्याला समितीने होकार दिला आणि मंत्र्यांनी नकार दिला. मोहरीला समितीने होकार दिला आणि प्रकरण न्यायालयात अडकले. मग समितीच्या निर्णयाला अर्थ काय उरतो? (एक निवृत्त शिक्षक, नौपाडा, ठाणे)

आपला प्रश्न नेमक्या दुखण्यावर बोट ठेवणारा आहे. या सर्व व्यवस्थेचा पाया १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आणि त्याखालील ५ डिसेंबर १९८९ चे नियम हा आहे. संशोधन करणाऱ्या संस्थेतील जैवसुरक्षा समिती, त्यावर जैवतंत्रज्ञान विभागातील ‘आरसीजीएम’ ही आढावा समिती आणि सर्वांत वर पर्यावरण मंत्रालयातील ‘जीईएसी’ अशी ही उतरंड आहे. बंदिस्त प्रयोगानंतर पहिल्या टप्प्यात एका ठिकाणी जास्तीत जास्त एक एकर, दुसऱ्या टप्प्यात अडीच एकर अशा मर्यादेत शेतातील चाचण्या होतात आणि त्यासाठी राज्य सरकारची ना हरकत लागते. शेती हा राज्याचा विषय असल्याने ही अट योग्यच आहे. जीईएसीच्या नावातील ‘ए’ हे अक्षर पूर्वी ‘मान्यता’ या अर्थाचे होते, २०१० मध्ये ते ‘मूल्यमापन’ या अर्थाचे करण्यात आले. म्हणजे समिती शिफारस करणार आणि अंतिम निर्णय सरकार घेणार, हे नावातच स्पष्ट झाले.

हा बदल वांग्याच्या वादातून झाला. १४ ऑक्टोबर २००९ रोजी समितीने बीटी वांग्याला हिरवा कंदील दाखवला. त्यानंतर तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी नागपूरसह सात शहरांत जाहीर सुनावण्या घेतल्या आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी अनिश्चित काळासाठी स्थगिती जाहीर केली. वांगे हे मूळचे आपल्याच भूमीचे पीक, त्याच्या शेकडो जाती येथे आहेत, स्वतंत्र चाचण्या अपुऱ्या आहेत आणि घाई करण्यासारखी निकड नाही, ही त्यांची कारणे होती. मला ती कारणे आजही रास्त वाटतात, परंतु स्थगिती देऊन पुढे त्या स्वतंत्र चाचण्या पूर्ण करण्याचे काम कोणी हाती घेतले नाही, हे मात्र अक्षम्य आहे. शेंडा आणि फळ पोखरणारी अळी काही स्थगितीची वाट पाहत बसली नाही. मुरबाड-शहापूरकडचा वांगी लावणारा शेतकरी तिच्यासाठी फवारण्यांमागून फवारण्या करतो आणि ती औषधे आपल्या भरताच्या वांग्यावर येतात. शेजारच्या बांगलादेशने तेच तंत्रज्ञान २०१३ मध्ये मान्य केले आणि पुढच्याच वर्षी शेतकऱ्यांना रोपे दिली. त्यांचे बरोबर की आपले, याचा निवाडा करण्यासाठी लागणारी आपली स्वतःची आकडेवारी आपल्याकडे असायला हवी होती.

मोहरीचे प्रकरण आणखी गुंतागुंतीचे आहे. ‘डीएमएच-११’ हे वाण दिल्ली विद्यापीठात, म्हणजे सार्वजनिक पैशातून तयार झाले. मोहरीचे फूल स्वतःच फलन पावते, म्हणून संकर सोपा करण्यासाठी एका वाणाचे परागकण निकामी करणारे आणि दुसऱ्यात ती क्षमता परत आणणारे जनुक त्यात घातले आहे. त्यांच्या जोडीला तणनाशक सहन करणारे तिसरे जनुक आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये पर्यावरणीय प्रसारणाची, म्हणजे बंदिस्त चाचण्यांबाहेर खुल्या शेतात लावण्याची, परवानगी देताना, शेतकऱ्याने त्या पिकावर ते तणनाशक वापरू नये, अशी अट घालण्यात आली. ही अट गावोगावी पाळली जाते की नाही, हे कोण तपासणार, याचे उत्तर मला त्या परवानगीत सापडत नाही. २३ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींत मतभेद झाले. न्या. नागरत्ना यांनी परवानगी रद्द ठरवली आणि न्या. करोल यांनी ती कायम ठेवली. मात्र जीएम पिकांविषयी राष्ट्रीय धोरण सर्वांशी विचारविनिमय करून आखावे, यावर दोघांचे एकमत होते.

समितीच्या निर्णयाला अर्थ तेव्हाच राहील, जेव्हा त्यामागची आकडेवारी सर्वांना वाचता येईल. मोहरीच्या सुरक्षिततेचा अहवाल सप्टेंबर २०१६ मध्ये हरकतींसाठी खुला झाला तेव्हा तीस दिवसांची मुदत होती आणि चाचण्यांची संपूर्ण कागदपत्रे पाहण्यासाठी दिल्लीत मंत्रालयात प्रत्यक्ष जावे लागत होते. नौपाड्यातील एखाद्या शिक्षकाने त्यासाठी राजधानी गाडीचे तिकीट काढायचे का? असे असताना लोकांचा विश्वास बसत नाही म्हणून लोकांनाच दोष देणे चुकीचे आहे.

प्रश्न : माझे थोरले बंधू यवतमाळ जिल्ह्यात कापूस करतात. गावात सर्रास ‘चोर बीटी’ मिळते. निंदणाला मजूर मिळत नाहीत, म्हणून या हंगामात ते लावावे असे दादांच्या मनात आहे. मी त्यांना काय सांगावे? (एक वाचक, कळवा)

लावू नका, असेच सांगावे, परंतु त्यांची अडचण खरी आहे हे आधी मान्य करून सांगावे. तणनाशक सहन करणाऱ्या या कापसाला, म्हणजे एचटीबीटीला, देशात परवानगी नाही. जून २०१९ मध्ये अकोट तालुक्यातील अकोली जहांगीर येथे शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी ते जाहीरपणे पेरले आणि त्यांच्यावर गुन्हे दाखल झाले. त्यांचा राग मी समजू शकतो. परंतु दादांच्या दृष्टीने मुख्य धोका निराळा आहे. या पाकिटाचे बिल मिळत नाही. उगवण झाली नाही, पाकिटात भलतेच बी निघाले किंवा तणनाशक फवारल्यावर पीकच जळाले, तर ना कृषी खात्याकडे तक्रार करता येते, ना भरपाई मागता येते.

चोरून आलेले बियाणे आपल्याकडे नवीन नाही. बीटी कापसाला अधिकृत परवानगी २६ मार्च २००२ रोजी मिळाली, त्याच्या आदल्याच वर्षी गुजरातेत ‘नवभारत १५१’ हे विनापरवाना बीटी वाण हजारो एकरांवर उभे असल्याचे उघडकीस आले होते. म्हणजे पहिल्या दिवसापासून नियंत्रक बियाण्याच्या मागे धावत आहे.

येथे मला जवळून पाहिलेली एक गोष्ट सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी अकोला जिल्ह्यात एका शेतकऱ्याच्या घरी चहा घेताना माझी नजर फळीवर गेली, तर तेथे लहान पुड्यांची चवड रचलेली होती. साध्या, बीटी नसलेल्या कापसाचे बी होते ते. त्या काळी ४५० ग्रॅम बीटी बियाण्यासोबत १२० ग्रॅमची ही वेगळी पुडी मिळत असे आणि तिचे बी शेताच्या कडेने किमान पाच ओळींत किंवा वीस टक्के क्षेत्रावर पेरण्याची अट परवानगीतच होती. कारण असे, की बीटीवर जगून निघालेल्या पतंगाला साध्या कापसावर वाढलेला पतंग जोडीला मिळाला, तर प्रतिकारशक्ती पुढच्या पिढीत पसरायला वेळ लागतो. त्या गृहस्थांनी मला सरळ सांगितले, “साहेब, अळीला खाऊ घालायला पाच तासं कोण पेरील? आन् हे कशासाठी असतं, ते कोणी सांगितलंच नाही.” पुड्या कोणी मोजल्या नाहीत, कडेच्या ओळी कोणी पाहिल्या नाहीत. गुलाबी बोंडअळीने पहिल्या जनुकाला दाद न दिल्याचे गुजरातेत दिसले, त्याची कबुली २०१० मध्ये आली. पुढे दुहेरी जनुकाचे वाणही तिने पचवले. २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात पात्या-फुले डोमकळ्या होऊन मिटून राहिली आणि वरून हिरवे दिसणारे बोंड फोडले, की आत किडकी सरकी आणि पिवळी पडलेली रुई निघत होती. लांब मुदतीची वाणे आणि मार्चपर्यंत ठेवलेली फरदड, म्हणजे मुख्य वेचणीनंतरही शेतात राखलेले पीक, यांनी अळीला वर्षभर अन्न पुरवले, हेही खरे. तरीही माझ्या मते या सगळ्याची सुरुवात त्या फळीवरच्या पुडीपाशी होते. अट कागदावर अचूक होती, तिच्यावर लक्ष ठेवणारा माणूस नव्हता. आता साधे बी त्याच पाकिटात मिसळून देतात. ही सुधारणा फार आधी व्हायला हवी होती.

दादांना मान्यताप्राप्त, कमी कालावधीचे वाण पक्क्या बिलासह घ्यायला सांगावे. बिल, रिकामे पाकीट आणि त्यातील चिमूटभर बी हंगाम संपेपर्यंत जपून ठेवावे, नर पतंगांना वासाने ओढून घेणारे कामगंध सापळे एकरी दोन-तीन लावावेत आणि डिसेंबरअखेर पऱ्हाट्या उपटून शेत मोकळे करावे.

प्रश्न : जनुक संपादित भातालाही हेच नियम लागू आहेत का? (एक विद्यार्थिनी, घणसोली)

सगळे नाहीत. जनुक संपादन म्हणजे रोपाच्या स्वतःच्याच जनुकांत नेमका बदल करणे; ज्या संपादनात परके जनुक अंतिम रोपात राहत नाही, त्याला ३० मार्च २०२२ च्या आदेशाने १९८९ च्या नियमांतील मुख्य कलमांतून सूट मिळाली आहे. त्या वाटेने तयार झालेल्या ‘कमला’ आणि ‘पुसा डीएसटी राइस १’ या भाताच्या दोन वाणांची घोषणा ४ मे २०२५ रोजी झाली. दुसरे वाण क्षारयुक्त जमिनीत तग धरते, असा संशोधकांचा दावा असल्याने आपल्या खाडीकाठच्या खारजमिनीच्या दृष्टीने त्याकडे लक्ष ठेवण्यासारखे आहे. परके जनुक नसेल तर जीएमइतकी लांब परीक्षा नको, हे मला शास्त्रीयदृष्ट्या पटते. मात्र अशा वाणांची आणि त्यांत नेमका कोणता बदल केला याची नोंद सर्वांसाठी खुली असली पाहिजे, अन्यथा दहा वर्षांनी एखादी अडचण उद्भवल्यास माग काढणे अशक्य होईल.

प्रश्न : ठाण्यात बसून सामान्य माणसाने माहिती कोणाकडे मागावी? (दोन वाचक, डोंबिवली आणि उलवे)

१९८९ च्या नियमांत जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हास्तरीय समितीची तरतूद आहे. डोंबिवलीकरांनी ठाण्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयात आणि उलवेकरांनी अलिबागला, कारण उलवे रायगड जिल्ह्यात येते, माहिती अधिकारात अर्ज करून समितीचे सदस्य कोण, शेवटची बैठक कधी झाली आणि तिचे इतिवृत्त काय, एवढे तीन प्रश्न विचारावेत. चाचण्यांच्या आकडेवारीसाठी अर्ज नवी दिल्लीतील पर्यावरण मंत्रालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे दहा रुपये शुल्क भरून ऑनलाइन करता येतो. उत्तर तीस दिवसांत यायला हवे. ‘व्यापारी गोपनीयता’ असे कारण देऊन नकार आला, तर पहिल्या अपिलात दोन गोष्टी जरूर लिहाव्यात. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(डी) मध्येच व्यापक जनहितासाठी माहिती देण्याची तरतूद आहे. शिवाय बीटी वांग्याच्या विषारीपणाच्या आणि ॲलर्जीच्या चाचण्यांची माहिती खुली करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये दिला होता, तर मोहरीबाबत केंद्रीय माहिती आयोगाने एप्रिल २०१६ मध्ये तसाच निर्णय दिला होता. आलेल्या उत्तराची प्रत या सदराकडे पाठवल्यास पुढील अंकात त्यावर सविस्तर लिहीन.