नऊ वेळा बदललेलं मांजर

मॅडम, मी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय अकाउंट्स. चित्रं लहानपणापासून काढते. गेल्या वर्षी मैत्रिणीच्या कुत्र्याचं चित्र जलरंगात काढून दिलं, ते बघून ऑर्डरी यायला लागल्या. आतापर्यंत अकरा झाल्या. तिसरी फार आवडली होती. एका आजोबांचा म्हातारा कुत्रा गेला होता, धड फोटोही नव्हता. म्हणाले, तुला दिसेल तसा काढ. शेवटच्या बाईंनी मात्र त्यांच्या मांजराचं चित्र नऊ वेळा बदलून घेतलं, तेही ठरलेल्या पैशांतच. त्याला दोन महिने झाले, स्वतःसाठी मी एक रेघसुद्धा ओढलेली नाही. बाबा म्हणतात, नोकरी धर, चित्रं रविवारी काढ. मला पूर्ण वेळ हेच करायचं होतं, आता भीती वाटते. छंदाचा धंदा केला की छंद मरतो म्हणतात, ते खरं का? की मीच कष्टाला कच्ची आहे?

पत्र वाचून आधी हसू आलं, मग वाईट वाटलं. नऊ वेळा! शेवटी मांजर तरी तेच राहिलं ना?

कष्टाला कच्ची वगैरे डोक्यातून काढून टाक. जी एकच मांजर नऊदा रंगवते ती कामचुकार असेल, हे मला पटायचं नाही. तुला ‘नाही’ म्हणता येत नाही, हे दुखणं वेगळं आहे आणि त्यावर इलाज आहे. त्याकडे येते. आधी छंद मरतो का ते पाहू, कारण त्या म्हणण्यात तथ्य आहे, पण अर्धंच.

१९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तीन मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. तीन ते पाच वर्षांची, स्केचपेनं दिसली की आपणहून चित्रं काढायला बसणारी मुलं त्यांनी निवडली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंस तर सोनेरी चांदणी आणि रिबीन लावलेलं प्रशस्तिपत्रक मिळेल. काहींना आधी काही न सांगता चित्र झाल्यावर तेच प्रशस्तिपत्रक दिलं. उरलेल्यांना काहीच नाही. आठवड्या-दोन आठवड्यांनी वर्गात तीच पेनं ठेवली आणि मोकळ्या वेळात कोण चित्रांपाशी किती रमतं, ते मुलांना कळू न देता पाहिलं. बक्षिसाच्या बोलीवर काढणारी मुलं आता इतरांच्या जेमतेम निम्मा वेळ तिथे थांबली.

हा प्रयोग ‘पैशाने कला बिघडते’ म्हणून सांगितला जातो. मला त्यातली दुसऱ्या गटातली मुलं जास्त बोलकी वाटतात. बक्षीस त्यांनाही मिळालं होतं, पण त्यांची गोडी तसूभरही कमी झाली नाही. बिघाड बक्षिसात नव्हता, आधीच्या बोलीत होता. बोली झाली की चित्र कशाच्या तरी बदल्यात काढायची गोष्ट होते. पुढे १९९९ मध्ये डेसी, कोस्टनर आणि रायन यांनी असे १२८ प्रयोग एकत्र तपासले. त्यातही, अमुक केलंस तर तमुक मिळेल अशा ठरवून दिलेल्या बक्षिसाने आतली ओढ घटलेली दिसली. कौतुकाच्या शब्दांनी मात्र, निदान कॉलेजच्या वयातल्यांची, ती वाढली.

आता तुझ्या आजोबांकडे ये. पैसे त्यांनीही दिलेच, आणि तेही आधी ठरवूनच. तरी ती ऑर्डर तुला गोड लागली, कारण त्यांनी काय हवं ते सांगितलं आणि कसं काढायचं ते तुझ्यावर सोडलं. मांजराच्या बाईंनी चित्राबरोबर तुझा हातही विकत घेतला, आणि तू तो घेऊ दिलास. तेव्हा ‘छंद विकावा का’ हा प्रश्न मी तुझ्यापुरता बाजूला ठेवते. चित्रकलेतला कुठला भाग दुकानात मांडायचा आणि कुठला घरातच ठेवायचा, हे तू कधी ठरवलंच नाहीस. पूर्ण वेळ की रविवारी, हा वाद त्यानंतरचा.

माझ्यापुरतं सांगायचं तर मी विणकाम करायचे. नात्यातल्या एकीने स्वेटरचे पैसे देऊ केले, मग तिच्या ओळखीतल्या चौघींनी. वर्षभरात लोकर बघितली की पोटात गोळा यायला लागला. खरं तर विणण्याचा कंटाळा मला कधी आलाच नव्हता. कंटाळा होता तो मापं घेण्याचा, ‘गळा जरा मोठा करून द्या’चा आणि ‘झालं का?’ विचारणाऱ्या फोनचा. हे कळायला मला पुढची सहा वर्षं लागली. तू ते अकराव्या ऑर्डरीला विचारते आहेस, हे चांगलं आहे.

म्हणून एक काम कर. तू अकाउंट्सची विद्यार्थिनी आहेस, तुला हे माझ्यापेक्षा बरं जमेल. अकराही ऑर्डरींचा एक कागद बनव. प्रत्येकीला प्रत्यक्ष रंगवायला किती तास लागले ते लिही. मग निरोपांची देवाणघेवाण, फोटो निवडणं, कागद-रंग आणायला जाणं, चित्र बांधून पाठवणं, पैशांची आठवण करून देणं, हे तास वेगळ्या रकान्यात. बहुतेक नवशिके फक्त पहिल्या रकान्यावर किंमत लावतात आणि दुसरा फुकट जातो. आलेले पैसे, साहित्याचा खर्च वजा करून, दोन्ही रकान्यांच्या बेरजेने भागलेस की तासाला खरोखर काय पडलं ते दिसेल. मांजराचा आकडा बघून रडू नकोस. तिसरा रकाना माझ्या आग्रहाखातर: ते चित्र काढताना वेळेचं भान सुटलं होतं का, हो किंवा नाही. त्यात ‘हो’ कुठे कुठे येतं, त्यावरून पुढे कोणत्या ऑर्डरी घ्यायच्या ते ठरेल.

आता ‘नाही’ म्हणण्याचा इलाज. ते तोंडाने म्हणायचंच नसतं, कागदाने म्हणायचं. ऑर्डर घेतानाच एक छोटा मजकूर पाठवायचा: निम्मे पैसे आधी, पेन्सिलचं कच्चं चित्र दाखवीन, त्यात दोनदा बदल करून देईन, तुमचा होकार आला की रंग लागेल, त्यानंतर बदल नाही, हवा तर नवं चित्र नव्या पैशांत. जलरंगात तर हे सांगणं सोपंच आहे, मुरलेला रंग पूर्ण निघत नाही. असा मजकूर पाहून काही जण परत जातील. जाऊ देत, त्यात पुढचे नऊवेळेवाले असतील.

त्याच मजकुरात हक्कांचं एक वाक्य घाल. चित्राचा कागद विकणं आणि चित्राचा कॉपीराइट विकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १८८६ च्या बर्न करारात सामील असलेल्या देशांमध्ये (जगातले बहुतेक देश त्यात आहेत) कॉपीराइट मिळायला नोंदणी लागत नाही, चित्र काढलं की तो आपोआप येतो. पण ऑर्डरीने काढलेल्या चित्राचा पहिला मालक कोण, यावर सगळ्या कायद्यांचं एकमत नाही. काही ठिकाणी वेगळं ठरलं नसेल तर पैसे देणारा मालक ठरतो. म्हणून लिहून घ्यायचं: चित्र तुमचं, घरात लावा, छापून विकायचं असेल तर वेगळी परवानगी, वेगळे पैसे. उलट बाजूही आहे. समोरच्याने पाठवलेला फोटो दुसऱ्या कुणी काढलेला असेल तर त्या फोटोवर बहुधा तो काढणाऱ्याचा हक्क असतो. विचारून घ्यावं.

बाबांचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. नोकरी धर. वर्षाला अकरा ऑर्डरी, त्यातली निदान एक तोट्यात, यावर घर चालत नाही. आणि महिनाअखेरीची धास्ती असली की नको ती ऑर्डरही घ्यावी लागते. पगार असेल तर ‘नाही’ म्हणणं परवडतं. फिलिप ग्लास या संगीतकाराचा ऑपेरा १९७६ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराच्या रंगमंचावर झाला, तिकिटं संपली, आणि त्यानंतरही तो टॅक्सी चालवत होता. वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी ती सुटली.

चुकतंय ते बाबांच्या रविवारात. रविवारी हाती येतो तो आठवड्याचा शिणवटा. कादंबरीकार अँथनी ट्रोलॉप टपालखात्यात नोकरी करायचा, पण पहाटे साडेपाचला टेबलाशी बसून लिहिणं उरकायचा आणि मग कामाला जायचा. दिवसाचा ताजा तास स्वतःला, उरलेला साहेबाला. तुझा ताजा तास पहाटेचाच असेल असं नाही. जो असेल तो रोज राखून ठेव, मग तो अर्धाच का असेना.

आणि नोकरी चित्रकलेतलीच हवी असा हट्ट धरू नकोस. दिवसभर दुसऱ्याच्या सांगण्यावरून चित्रं काढल्यावर रात्री ब्रश उचलणारे असतात, पण थोडे. हिशेबाची नोकरी डोळे आणि हात तुझ्यासाठी ताजे ठेवील. प्राण्यांची शरीररचना मनापासून आवडत असेल तर शास्त्रीय चित्रांचं क्षेत्र जरूर बघ. एका फोटोत एकच प्राणी येतो; चित्रात त्या जातीच्या सगळ्या ओळखखुणा एकत्र दाखवता येतात, म्हणून तिथे आजही हाताला मान आहे. त्यावर हवं तर वेगळं लिहीन.

सध्या महिनाभर नवी ऑर्डर घेऊ नकोस. एक स्वस्तातली वही आण, चांगल्या कागदाची नको, चांगला कागद खराब होईल म्हणून हात धजत नाही. त्यात रोज काहीतरी काढ, मांजर सोडून. कुणाला दाखवायचं नाही, कुठे टाकायचं नाही. मलासुद्धा पाठवू नकोस. हिशेबाचा कागद तेवढा पाठव, तिन्ही रकान्यांसकट.