दोन फुटी टाकीत फिल्टर नेमका कुठे बसवावा?

तुमचा प्रश्न असा: निपाणीत घरच्या सोप्यात २ फूट लांब, १ फूट रुंद, सव्वा फूट उंच टाकी आहे, ४ गोल्डफिश आहेत आणि आतला मोटरवाला फिल्टर मागच्या काचेवर मधोमध लावला आहे. कोपऱ्यात घाण साठते, पहाटे मासे वर येऊन तोंड मारतात. फिल्टर कुठे बसवू, ऑक्सिजनची मोटर वेगळी घेऊ का?

फिल्टर मधून काढा आणि आखूड बाजूच्या काचेवर, मागच्या कोपऱ्याला लागून बसवा. तोटी टाकीच्या लांबीच्या दिशेने, किंचित पुढच्या काचेकडे वळवा. तुमच्या दोन्ही अडचणी बहुतेक याच एका बदलाने सुटतील.

मधोमध लावलेल्या फिल्टरची धार फुटभरावर समोरच्या काचेला धडकते आणि दोन्हीकडे फुटून तिथेच मरते. डावा-उजवा कोपरा स्थिर राहतो आणि विष्ठा, उरलेलं खाणं तिथेच बसतं. तीच धार लांबीने सोडली की पलीकडच्या काचेला लागून खाली वळते आणि तळावरून परत फिल्टरकडे येते. येताना घाण आपसूक त्याच्या भोकांपर्यंत आणते. फिल्टर स्वतः लांबची घाण ओढत नाही, त्याची ओढ दोन-तीन इंचांपलीकडे जाणवतही नाही. घाण त्याच्यापर्यंत नेण्याचं काम प्रवाहाचं, म्हणून जागा ठरवताना पाण्याची वाट आधी बघायची.

उंचीत लोक सर्वांत जास्त चुकतात. 'घाण खाली असते' म्हणून फिल्टर तळाला टेकवतात, काही जण आडवाही ठेवतात. मग बारीक वाळू आत जाऊन पाणी ढकलणारी चक्री घासते, स्पंज चार दिवसांत तुंबतो, आणि वरचं पाणी हलत नाही ते वेगळंच. फिल्टरचं खालचं टोक खडीपासून दीड ते दोन इंच वर हवं. तोटी पाण्याच्या पातळीखाली अर्धा ते एक इंच, जरा वरच्या अंगाला वळलेली. पृष्ठभागावर सतत लाटा दिसायला हव्यात, पण उसळून शिंतोडे उडायला नकोत. सव्वा फुटी टाकीत दोन इंच रिकामी जागा सोडून पाणी भरलं की ही दोन्ही मापं बहुतेक फिल्टरना बसतात. फिल्टर आखूड असेल तर तोटीची उंची आधी सांभाळा, खाली थोडं जास्त अंतर राहिलं तरी चालेल.

आता ऑक्सिजन. पाण्यात ऑक्सिजन मुख्यतः हलत्या पृष्ठभागातून मिसळतो, बुडबुड्यांचं खरं काम पाणी हलवणं हेच. पहाटे मासे वर येतात म्हणजे बहुतेक रात्रभर पृष्ठभाग स्थिर राहिला. वर तेलकट साय दिसत असेल तर खात्रीच समजा. फिल्टरला हवा ओढणारी बारीक नळी असेल तर तिचं वरचं तोंड पाण्याबाहेर ठेवा. तोटी खोल गेली की पाण्याच्या दाबामुळे ती हवा ओढणं बंद करते, हे उंची जपण्याचं आणखी एक कारण. एप्रिल-मे महिन्यांत पाणी तापतं आणि तापलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, तेव्हा तोटी आणखी थोडी वर वळवा आणि झाकण पूर्ण बंद ठेवू नका.

तरीही वेगळी एअर मोटर घ्या असंच मी सांगेन. कारण आपल्याकडची लाईट. पावसाळ्यात निपाणी-खानापूर भागात ती तासन्‌तास जाऊ शकते, आणि ४ गोल्डफिश तेवढा वेळ निभावतीलच असं नाही. तीन-चार वॅटची एअर मोटर इन्व्हर्टरवर जोडा आणि तिच्यावर छोटा स्पंज फिल्टर, मोटर-फिल्टरच्या समोरच्या कोपऱ्यात, चालवा. एअर मोटर पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवा. टीव्हीच्या खणात खाली ठेवायचीच असेल तर नळीत एकेरी व्हॉल्व्ह लावा, कारण लाईट गेली की पाणी नळीतून उलटं उतरतं, मोटर भिजते आणि टाकी सोप्यात रिकामी होते. व्हॉल्व्ह लावण्याआधी फुंकून बघा: ज्या बाजूने हवा जाते ती मोटरकडे, जिथून अडते ती टाकीकडे.

लाईट रात्रभर गेली असेल तर मोटर-फिल्टर तसाच सुरू करू नका. बंद डब्यातल्या स्पंजमधले उपयोगी जिवाणू हवेविना मरतात आणि ते घाण पाणी एकदम टाकीत येतं. आधी स्पंज काढून टाकीच्याच पाण्याच्या बादलीत दोनदा पिळा. एरवीही दर दोन आठवड्यांनी असंच धुवा. नळाखाली कधीही नाही, क्लोरीनने तेच जिवाणू जातात. आडाच्या पाण्यात क्लोरीन नसतं हे खरं, पण पावसात ते गढूळ येतं आणि स्पंज लवकर भरतो, तेव्हा आठवड्यालाच बघा. धार बारीक झाली असेल तर प्लग काढून चक्री बाहेर घ्या, तिच्यावरचा बुळबुळीत थर जुन्या टूथब्रशने काढा. धार कमी झाली की जागा कितीही बरोबर असली तरी कोपरे पुन्हा मरतात.

फिल्टरची ताकदही बघा. तुमच्या टाकीत खडी वगळता ५५ लिटरच्या आसपास पाणी मावतं. गोल्डफिश घाण फार करतात, म्हणून तासाला सहा ते आठ वेळा पाणी फिरावं, म्हणजे ३३० ते ४४० लिटर. खोक्यावरचा आकडा बिनस्पंजाचा असतो, म्हणून ५०० लिटरचा घेतलेला बरा. चार गोल्डफिश या टाकीला जास्त होतात हे मात्र स्पष्ट सांगतो. दोन कुणाला तरी द्या. तोवर दर आठवड्याला १५ ते २० लिटर पाणी बदला, नळाचं असेल तर क्लोरीन घालवून.

वायर नेहमी सॉकेटच्या खाली झोका देऊन मग वर न्या, म्हणजे वायरीवरून उतरलेलं पाणी प्लगात न जाता जमिनीवर पडेल. पाण्यात हात घालण्याआधी प्लग काढायचाच. सक्शन कप कडक झाले की फिल्टर घसरून तळाला बसतो आणि मोटर काचेला लागून घरघरते. कप गरम पाण्यात पाच मिनिटं ठेवले की मऊ होतात, नाहीतर नवीन घ्या.

बसवून झालं की तासाभराने खाण्याचे दोन दाणे चुरून तोटीसमोर सोडा आणि एका बाजूने बघत राहा. चुरा पलीकडच्या काचेपर्यंत जाऊन दहा-पंधरा मिनिटांत तळावरून फिल्टरकडे येत असेल तर जागा जमली. एकाच कोपऱ्यात गोळा होत असेल तर आधी तिथला दगड किंवा प्लॅस्टिकचं झाड हलवा, मग तोटी एक-एक बोट वळवून बघा. तरी राहिलाच तर स्पंज फिल्टर त्याच कोपऱ्यात आणा.