पॉम्पेईची आर्टेमिस दिसायला इतकी जुनी ग्रीक, मग तिला रोमन काळातली का म्हणतात?

तुमचा प्रश्न असा की नेपल्सच्या म्युझियममधल्या, पॉम्पेई या प्राचीन रोमन शहरात सापडलेल्या आर्टेमिसच्या (ग्रीकांची शिकारीची देवी) या मूर्तीचं मंद हसू, त्या कडक निऱ्या, सगळं इ.स.पू. सहाव्या शतकातलं वाटतं, मग ती त्या काळातली का नाही. माझा अतिशय आवडता विषय आहे हा.

फोटो झूम करून आधी पाय बघा. अथेन्सच्या अ‍ॅक्रोपोलिसवर सापडलेल्या ज्या खऱ्या जुन्या तरुणींच्या मूर्ती आहेत, ज्यांना कोरे म्हणतात, त्यांचा एक पाय जरा पुढे असतो पण दोन्ही तळवे पूर्ण टेकलेले. ही देवी चक्क चालतेय, मागची टाच उचललेली आहे. आता एवढं झपझप चालताना कापड पायात घोळायला हवं की नाही, पण निऱ्या बघा, डावी-उजवीकडे मोजून घातल्यासारख्या आणि खालची कड एकदम नागमोडी. म्हणजे चालणारं शरीर कसं घडवायचं हे त्या शिल्पकाराला पक्कं माहीत होतं, मधल्या काही शतकांची ग्रीक कला त्याच्या हातात मुरलेली होती, आणि तरी कपडे त्याने मुद्दाम जुन्या वळणाचे दिले. या शैलीला आर्केइस्टिक म्हणतात, आणि मूळची जुनी ती आर्केइक.

मुद्दाम का, तर मला वाटतं श्रद्धेपोटी. जुन्या रूपातला देव जास्त जागृत वाटतो. पहिला रोमन सम्राट ऑगस्टस, त्याला तर या जुन्या कामांचं फारच प्रेम, रोममधल्या पॅलेटाइन टेकडीवरचं अपोलोचं देऊळ इ.स.पू. 28 मधलं, आणि रोमन लेखक प्लिनी सांगतो की त्याच्या शिखरावर बुपालस आणि अथेनिस या इ.स.पू. सहाव्या शतकातल्या शिल्पकार भावांची शिल्पं होती. पुढे सम्राट क्लॉडियसच्या नाण्यांवर स्पेस, म्हणजे आशेची देवी, एका हातात फूल आणि दुसऱ्या हाताने घागरा जरासा उचललेला, ही ढब थेट त्या कोरेंचीच.

आणि ही आर्टेमिस पांढरी नव्हती बरं का! 1760 मध्ये सापडली तेव्हा केसांवर, वस्त्राच्या काठांवर रंग दिसत होता, अठराव्या शतकातला जर्मन कला-अभ्यासक विंकेलमन, त्यानेसुद्धा त्याची नोंद केलीये.

परत नेपल्सला गेलात तर त्याच म्युझियममध्ये हर्क्युलेनियम या पॉम्पेईजवळच्या प्राचीन गावातल्या व्हिलात (श्रीमंत रोमन वाड्यात) सापडलेली अथेना देवी शोधा, लढायच्या पवित्र्यात झेपावणारी, आणि तिच्याही निऱ्या जराही विस्कटलेल्या नाहीत.