कॉर्फचा किल्ला फोडला, मग दगड गेले कुठे?

मागच्या अंकात इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या डॉर्सेटमधला एक फोटो छापला होता, टेकडीवर मोडका किल्ला आणि त्याच्या पायथ्याला राखाडी दगडी घरांचं गाव. किल्ल्याचं नाव कॉर्फ कॅसल आणि गावाचंही तेच. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सदर सगळं त्यालाच दिलंय. मी बरीच वर्षं तिकडेच जवळपास राहते, पाहुणे आले की त्यांना पहिल्यांदा तिथेच नेते, त्यामुळे उत्तरं जरा लांबली तर सांभाळून घ्या.

प्रश्न (नाशिकहून एक वाचक): ताई, फोटोत भिंती तिरक्या झालेल्या दिसतायत, एक बुरूज तर खाली घसरल्यासारखा वाटतो. भूकंप झाला होता का तिकडे?

भूकंप नाही दादा, सुरुंग. आणि तेही स्वतःच्याच देशातल्या लोकांनी लावलेले.

आधी जागा समजून घ्या. पर्बेकच्या टेकड्यांची एक लांबलचक रांग आहे, तिच्यात एक खिंड पडलीय आणि त्या खिंडीत मधोमध ही किल्ल्याची टेकडी उभी आहे. कॉर्फ हा शब्दच जुन्या इंग्लिशमधल्या 'कापणे' या अर्थाच्या क्रियापदावरून आलाय, म्हणजे कापलेली जागा, खिंड. आपल्याकडे सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको की अशा जागी किल्ला का बांधतात. इंग्लंड जिंकून घेणाऱ्या विल्यम द काँकरर या राजाच्या काळात अकराव्या शतकात इथे दगडी बांधकाम सुरू झालं आणि त्याचा मुलगा पहिला हेन्री याच्या राज्यात, 1105 च्या सुमाराला, बालेकिल्ल्याचा तो उंच मनोरा पूर्ण झाला. पुढे जॉन राजाने खजिना आणि कैदी दोन्ही इथे ठेवले, आणि कैद्यांचं म्हणाल तर 1202 मध्ये फ्रान्समधून पकडून आणलेले 22 सरदार इथे उपाशी ठेवून मारले, हे मनोऱ्याखाली उभं राहून ऐकलं की खरंच पोटात गलबलतं.

आता मोडतोडीचं. 1635 मध्ये हा किल्ला सर जॉन बँक्स या राजाच्या बाजूच्या बड्या वकिलाने विकत घेतला. 1642 ला राजा पहिला चार्ल्स आणि पार्लमेंट यांच्यात यादवी पेटली, सर जॉन राजाबरोबर निघून गेले आणि किल्ल्यावर राहिली त्यांची बायको लेडी मेरी, मुलं, दासी आणि अगदी मोजकी माणसं. 1643 मध्ये पार्लमेंटच्या पाच-सहाशे सैनिकांनी वेढा घातला. तोपर्यंत मेरीने युक्तीने शिबंदी वाढवून ऐंशीच्या आसपास नेली होती, आणि शेवटच्या हल्ल्यात तिने, तिच्या मुलींनी आणि दासींनी तटावरून दगड आणि जळते निखारे खाली फेकून शिड्या लावणाऱ्यांना परत पाठवलं. सहा आठवड्यांनी वेढा उठला. मला विचाराल तर कॉर्फची खरी मालकीण तीच.

किल्ला पडला तो दुसऱ्या वेढ्यात, फेब्रुवारी 1646 मध्ये, आणि फितुरीने. आतलाच एक अधिकारी, कर्नल पिटमन, मदतीची कुमक आणतो म्हणून बाहेर पडला आणि कुमक म्हणून पार्लमेंटचेच सैनिक आत घेऊन आला. मेरीच्या शौर्याचा मान म्हणून तिला किल्ल्याच्या किल्ल्या जवळ ठेवू दिल्या असं सांगतात, त्या किल्ल्या आजही बँक्स घराण्याने नंतर बांधलेल्या किंग्स्टन लेसी या वाड्यात भिंतीवर टांगलेल्या आहेत, जाऊन बघता येतात.

मग पार्लमेंटने ठराव करून किल्ला निकामी करायचा हुकूम दिला. भिंतींच्या पायाखाली खणून दारू ठासली आणि उडवून दिली. पण बांधकाम इतकं भक्कम की भिंती भुगा न होता अखंड कलल्या, सरकल्या, आतल्या दरवाज्याचा अर्धा बुरूज तर उभाच्या उभा काही फूट खाली घसरला आणि तसाच थांबला, तो तुम्ही फोटोत बरोबर ओळखलात. तुमच्या नाशिक भागातल्या किल्ल्यांच्या पायऱ्या इंग्रजांनी 1818 मध्ये सुरुंगांनी उडवल्या ना, विचार तोच, शत्रूला परत वर बसता येऊ नये. फक्त हे काम त्यांनी आपल्या घरात पावणेदोनशे वर्षं आधी करून बघितलं होतं.

प्रश्न (पुण्याच्या एक वाचक): एवढा मोठा किल्ला फोडला तर त्याचे दगड कुठे गेले? आमच्या गावाकडे गढीचे दगड लोकांनी घरांना वापरले, तसं तिथे झालं का? आणि किल्ल्याशिवाय त्या गावाचं स्वतःचं असं काही आहे का?

अगदी तसंच झालं ताई, आणि तुमच्या प्रश्नाचा मला फार आनंद झाला कारण येणारी माणसं किल्ला बघतात, चहा आणि स्कोन खातात आणि जातात, गावाकडे कुणी नीट बघत नाही. किल्ला फुटल्यावर पायथ्याच्या लोकांनी घडीव दगड, दारांच्या चौकटी, जे मिळेल ते खाली आणलं आणि घरांना लावलं. आज गल्लीतून हळू चाललात तर एखाद्या साध्या घराच्या भिंतीत मध्येच एक फार सुबक कोरलेला दगड दिसतो, तो तिथला नाहीये हे लगेच कळतं. म्हणून मी म्हणते की अर्धा किल्ला वर आहे आणि अर्धा खाली गावात राहतोय.

आणि त्यात मला काही वावगं वाटत नाही, कारण मुळात तो दगड काढला, घडवला, वर चढवला तो याच भागातल्या लोकांनी. गावाचं स्वतःचं असं जे आहे ते हेच, दगडाचं काम. इथे पर्बेक मार्बल नावाचा दगड निघतो, तो खरा संगमरवर नाही, गोड्या पाण्यातल्या बारीक गोगलगायींच्या शंखांनी भरलेला चुनखडक आहे, पण घासला की काळपट हिरवट अशी सुंदर चकाकी येते. तेराव्या शतकात त्याला इतकी मागणी होती की सॅलिसबरी कॅथेड्रलचे सडपातळ खांब याच दगडाचे आहेत, लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेतही तो आहे. कॉर्फमध्ये तो घडवून बंदरावर न्यायचे आणि तिथून जहाजाने.

या खाणवाल्यांची जुनी संघटना अजून आहे. दरवर्षी श्रोव्ह ट्युसडेला, म्हणजे ईस्टरच्या आधीचे उपवास सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, चर्चची घंटा वाजते आणि सगळे गावाच्या छोट्याशा टाउन हॉलमध्ये जमतात. नवीन उमेदवाराने एका हातात पाव आणि एका हातात बिअरचं भांडं घेऊन यायचं आणि 6 शिलिंग 8 पेन्स फी भरायची, शिलिंग चलनातून कधीच गेले तरी. नंतर एक फुटबॉल आणि एक पौंड मिरी ओवर नावाच्या धक्क्याकडे न्यायची, कारण त्या धक्क्यापर्यंत दगड न्यायच्या वाटेच्या हक्काचं ते भाडं आहे. धक्क्यावरून दगड जायचा कधीच थांबलाय पण भाडं चुकवलेलं नाही, कारण एक वर्ष चुकलं तर हक्क गेला! मी पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मला गावची जत्रा आणि मानकऱ्यांचे मान आठवले, कोणी पहिला नारळ वाढवायचा, कोणी पालखीला खांदा द्यायचा, तसंच.

चर्चकडेही जा. ते एडवर्ड राजाच्या नावाचं आहे, वयाने जेमतेम सोळा, 978 मध्ये याच कॉर्फला सावत्र आईकडे आला असताना त्याचा खून झाला आणि सावत्र भाऊ एथेलरेड गादीवर आला. म्हणजे दगडी किल्ल्याच्याही आधीची आठवण गावाने जपलीय.

प्रश्न (ठाण्याहून एक वाचक): मुलाकडे इंग्लंडला जातोय, आईचे गुडघे दुखतात. तिला किल्ला दाखवता येईल का?

वरपर्यंत चढ आहे आणि वाट खडबडीत, त्यामुळे आग्रह करू नका. नॉर्डन स्टेशनजवळ गाडी पार्क करा आणि तिथून वाफेच्या इंजिनाची स्वॉनेज रेल्वे घ्या, ट्रेनमधून किल्ला फार छान दिसतो. ही लाईन 1885 ची, 1972 मध्ये बंद करून रूळसुद्धा उखडले होते, ते स्थानिक लोकांनी, बहुतेक हौशी स्वयंसेवकांनी, सुट्टीच्या दिवशी राबून परत टाकले आणि 1995 ला गाडी कॉर्फला परत आली. गावात आईंना मॉडेल व्हिलेज दाखवा, एकास वीस प्रमाणात अख्खं गाव आणि न मोडलेला किल्ला बनवलाय, तिथे बसायलाही जागा आहे.

प्रश्न (कोल्हापूरहून एक वाचक): आमच्याकडे धरणात गावं गेली. किल्ल्यांसाठी तिकडे गावं उठवली होती का?

हो, उठवली, आणि एकाचं नाव तरी सगळ्यांना माहीत असावं. वेल्समध्ये अँगलसी बेटावर लानवाइस नावाचं भरभराटीचं बंदर होतं. 1294 मध्ये वेल्श लोकांनी बंड केलं, ते मोडून काढल्यावर इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने (कॉर्फला खून झालेला एडवर्ड वेगळा) 1295 ला जवळच्या दलदलीत ब्युमारिसचा किल्ला सुरू केला, आणि नव्या इंग्लिश वसाहतीला स्पर्धा नको म्हणून लानवाइसच्या लोकांना उठवून बेटाच्या दुसऱ्या टोकाला, साधारण 12 मैलांवर नेऊन टाकलं. त्या जागेचं नाव न्यूबरो, नवं गाव. ब्युमारिसच्या नव्या शहरात मात्र वेल्श माणसाला घर-जागा घ्यायची बंदी. 1296 च्या एका पत्रात किल्ल्याच्या कामावर 400 गवंडी आणि 2000 मजूर असल्याची नोंद आहे, आणि इतकं करून स्कॉटलंडच्या लढायांत पैसा संपला नि किल्ला अर्धवटच राहिला. गाव मात्र गेलं ते गेलंच.

लानवाइसच्या मठात जोन पुरली होती, वेल्सच्या लेवेलिन राजाची बायको आणि त्या कॉर्फवाल्या जॉन राजाची मुलगी. मठ मोडल्यावर तिची दगडी शवपेटी कितीतरी वर्षं घोड्यांना पाणी पाजायचं कुंड म्हणून वापरली गेली, आता ती ब्युमारिसच्या चर्चमध्ये ठेवलीय. आणि न्यूबरोच्या लोकांनी काय केलं, तर वाळूच्या टेकड्यांवर उगवणाऱ्या मॅरम गवताच्या चटया आणि दोर विणायला सुरुवात केली, तो धंदा विसाव्या शतकापर्यंत चालला. उठवलेली माणसं जगायची वाट काढतात, पण म्हणून उठवणं बरोबर होत नाही.

याच संदर्भात कॉर्फपासून थोड्या अंतरावरचं टाइनम सांगायलाच हवं. तिथे किल्ला नव्हता, रणगाड्यांचा गोळीबाराचा सराव होता. नोव्हेंबर 1943 मध्ये गावाला नोटीस आली आणि ख्रिसमसच्या आधी सव्वादोनशेच्या आसपास माणसांनी घरं सोडली. बहुतेक जण कुळं, घर नाही, जमीन नाही, त्यामुळे भरपाई मिळाली ती परसातल्या भाजीपाल्याची. जाताना चर्चच्या दारावर एक कागद लावून गेले, की चर्च आणि घरं सांभाळून वापरा, लढाई जिंकायला मदत व्हावी म्हणून आम्ही पिढ्यान्‌पिढ्यांची घरं दिलीत, आम्ही एक दिवस परत येऊ.

युद्ध संपलं, आणि 1948 मध्ये सरकारने ती जमीन सक्तीने कायमची घेतली. आज बहुतेक शनिवार-रविवारी गोळीबार बंद असतो तेव्हा तिथे जाता येतं. शाळेत बाकं आहेत, घरांना छप्पर नाही, चुली तेवढ्या दिसतात. कोल्हापूरकर, तुम्ही गेलात तर आधी चर्चमध्ये जा आणि तो मजकूर वाचा, आणि मग घरांकडे बघा.