लहान मुलीचं अँटिबायोटिक तिसऱ्या दिवशी थांबवून उरलेलं सिरप ठेवून दिलं तर चालेल का?

मुलगी दोन वर्षांची, छातीत कफ, सिरप पाच दिवसांचं, तिसऱ्याच दिवशी ताप उतरला, मग 'उरलेलं पुढच्या वेळेसाठी ठेवू का' असं विचारलंय तुम्ही. ते 'पुढच्या वेळेसाठी' वाचलं आणि राहवलं नाही.

माझा मुलगा चौदा महिन्यांचा असताना खोकल्याने बेजार झाला होता. नणंदेच्या फ्रीजमध्ये तिच्या सहा वर्षांच्या मुलाच्या अँटिबायोटिक सिरपची अर्धी बाटली होती, महिन्यापूर्वी पाणी घालून तयार केलेली. "तेच औषध आहे गं, डॉक्टर दुसरं काय देणार?" असं म्हणत तिने चहाच्या चमच्याने पाजलं. मी पाजू दिलं. त्याला जुलाब लागले. औषध चालू आहे या भरवशावर त्याच्या श्वासाकडे कुणी पाहिलंच नाही. तिसऱ्या रात्री पोट उडायला लागलं. डॉक्टरांनी झबलं वर करून घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर श्वास मोजले. 56! वर्षाच्या पुढच्या मुलाचे शांत असताना 40 झाले तरी ते जास्तच. बरगड्यांखाली खळगा पडत होता. चार दिवस ॲडमिट, सलाईन, इंजेक्शनं.

नणंद आजही म्हणते, "शेवटी डॉक्टरांनीही तेच दिलं ना?" नाव तेच होतं, अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनेट. पण हे सिरप 5 मिलीत 228.5 मिलिग्रॅमचंही मिळतं आणि 457 चंही, म्हणजे बरोबर दुप्पट. डोस वजनावर ठरतो. तिचा मुलगा वीस किलोचा, माझा नऊ. शिवाय पाणी घातलेली बाटली फ्रीजमध्येही साधारण सातच दिवस चालते. आणि चहाचा चमचा हे काही माप नव्हे. साध्या सर्दीला तर हे औषध बहुतेक वेळा लागतच नाही, ती व्हायरसची असते.

म्हणून तुम्ही काहीही साठवू नका. बाटलीसोबतच्या मापाने किंवा सुई नसलेल्या सिरिंजने, दर वेळी बाटली हलवून द्या. बरं वाटतंय म्हणून आपल्या मनाने थांबवू नका, डॉक्टरांना फोन करा. कमी करायचं तर ते सांगतील.

एक मात्र आहे. अंगावर पित्त उठलं, ओठ सुजले किंवा श्वासाला घरघर लागली, तर पुढचा डोस न देता तडक दवाखाना गाठा. औषध चालू असतानाही मुलगी झोपली की तिचे श्वास मोजत जा.